‘बाय आउट’ : खरेदी कशाची आणि बाहेर कोण?

साताऱ्यातील आमच्या आजोळच्या वाड्याला तीन वारस आहेत : धाकटे मामा, माझी आई आणि दिवंगत थोरल्या मामांचा एकुलता मुलगा. हा मामेभाऊ न्यू जर्सीत वाढलेला असल्यामुळे त्याचे मराठी बोलण्यापुरते असून लिहिणे मात्र सगळे इंग्रजीतून चालते. दोन वर्षांपूर्वी त्याने धाकट्या मामांना ईमेल पाठवला आणि त्यात एक वाक्य होते, ‘आय वुड लाइक टू बाय यू अँड आत्या आउट.’ मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, ते वाक्य बोट ठेवून दोनदा वाचले आणि म्हणाले, “हा मला विकत घेणार आणि वर बाहेरही काढणार?” त्यानंतर आठ दिवस त्यांनी त्या ईमेलला उत्तर दिले नाही.

मामांचा राग अनाठायी असला तरी त्यांचे भाषांतर पूर्णपणे चुकलेले नव्हते, कारण ‘बाहेर’ हा भाग त्यांनी अचूक पकडला होता. चूक झाली ती ‘मला विकत’ या भागात. हा वाक्प्रयोग वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर, नोकरीच्या अर्जांत, भागीदारीच्या कागदांत आणि परदेशस्थ नातेवाइकांच्या पत्रांत सारखा भेटतो. शब्दकोशातील एका ओळीच्या अर्थाने त्याचा उलगडा होत नाही, म्हणून तो पायरीपायरीने समजून घ्यावा लागतो.

पहिली पायरी : ‘बाहेर कोण जातो?’ हा प्रश्न आधी विचारावा

इंग्रजीतील ‘बाय’ या क्रियापदाला ‘आउट’ जोडले की खरेदीला एक परिणाम चिकटतो, आणि तो परिणाम वस्तूवर होत नसून माणसावर होतो. एखाद्या मालमत्तेत, धंद्यात किंवा करारात ज्याचा हक्क आहे, त्याला त्या हक्काची किंमत देऊन त्यातून मोकळे करणे हा या प्रयोगाचा गाभा आहे. व्यवहार पूर्ण झाल्यावर एक माणूस आत उरतो आणि दुसरा पैसे घेऊन बाहेर पडतो. म्हणून वाक्य वाचताना कोणी काय विकत घेतले हे शोधण्याआधी कोण बाहेर गेला हे शोधावे; ते सापडले की बाकीचे आपोआप जुळते.

मराठी माणसाला ही रचना वाटते तितकी परकी नाही. आपणही ‘घेणे’ आणि ‘घेऊन टाकणे’, ‘देणे’ आणि ‘देऊन टाकणे’ यांत फरक करतो आणि दुसऱ्या क्रियापदाने पहिल्याला वेगळा रंग चढवतो. जे काम आपल्याकडे ‘टाकणे’ करते, तसेच काम इंग्रजीत ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’ असे छोटे शब्द करतात. फरक इतकाच की आपले ‘टाकणे’ आपल्या कानात मुरलेले आहे आणि त्यांचे ‘आउट’ आपल्याला मुद्दाम शिकावे लागते.

या ‘आउट’चा उत्तम दाखला आपल्याच देशाच्या कायद्यात सापडतो. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाच्या पाचव्या प्रकरणाचे इंग्रजी शीर्षक ‘इनकमिंग अँड आउटगोइंग पार्टनर्स’ असे आहे, म्हणजे आत येणारे आणि बाहेर जाणारे भागीदार. त्याच प्रकरणातील कलम ३७ सांगते की भागीदार बाहेर पडला, पण उरलेल्यांनी हिशेब चुकता न करता धंदा तसाच चालू ठेवला, तर वेगळा करार नसल्यास त्याला दोनपैकी एक पर्याय निवडता येतो : त्याच्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्यातील वाटा किंवा त्याच्या हिश्शाच्या रकमेवर वार्षिक ६ टक्के व्याज. बाय आउट म्हणजे नेमका हा हिशेब चुकता करणे होय. नुसता माणूस बाहेर गेला आणि पैसे बाकी राहिले, तर तो ‘आउट’ झाला खरा, पण ‘बॉट आउट’ झाला नाही.

दुसरी पायरी : कर्म ओळखावे

ज्या ठिकाणी बहुतेक जण ठेचकाळतात ती जागा हीच आहे. साध्या ‘बाय’चे कर्म म्हणजे विकत घेतलेली वस्तू असते, परंतु ‘बाय आउट’चे कर्म बहुधा माणूस असतो आणि त्या माणसाला कोणी विकत घेत नाही. ‘शी बॉट हर ब्रदर आउट’ या वाक्याचा अर्थ तिने भावाला विकत घेतले असा नसून, भावाचा वाटा विकत घेऊन तिने त्याला व्यवहारातून मोकळे केले असा आहे. माणूस हे व्याकरणातले कर्म आहे आणि वाटा हे व्यवहारातले. मामांची गफलत या दोहोंना एक मानल्यामुळे झाली.

कर्माच्या जागी कधी थेट वाटा येतो, जसे ‘ही बॉट आउट हिज पार्टनर्स शेअर’, आणि तेव्हा अर्थ सरळच लागतो. कधी तिथे आख्खी कंपनी येते. त्या वेळी बाहेर जाणारे लोक वाक्यात दिसत नाहीत, पण ते असतात, आणि ते म्हणजे कंपनीचे आधीचे मालक किंवा भागधारक. तिसरी रचना ‘आउट ऑफ’ची आहे : ‘दे बॉट हिम आउट ऑफ हिज काँट्रॅक्ट.’ इथे मालमत्तेचा संबंधच नसून, करारातून सुटण्याची किंमत कोणीतरी मोजली असा अर्थ होतो. स्वतःसाठी पैसे भरले तर ‘बाय वनसेल्फ आउट’ म्हणतात; ब्रिटिश सैन्यात मुदतीआधी ठरावीक रक्कम भरून सुटका करून घेणाऱ्या शिपायाबद्दल ‘ही बॉट हिमसेल्फ आउट ऑफ द आर्मी’ असे म्हणण्याची जुनी पद्धत आहे.

तिसरी पायरी : शब्दांची जागा आणि रूपे

कर्म नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, दोन्हीकडे चालते : ‘शी बॉट हर पार्टनर आउट’ आणि ‘शी बॉट आउट हर पार्टनर’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कर्म सर्वनाम असेल तर मात्र त्याची जागा मध्येच आहे. ‘शी बॉट हिम आउट’ हे बरोबर आणि ‘शी बॉट आउट हिम’ हे चूक. कर्म लांबलचक असेल, उदाहरणार्थ तीन चुलत भाऊ आणि त्यांची एक आत्या, तर ते शेवटी ठेवणे सोयीचे पडते, कारण ‘बॉट’ आणि ‘आउट’ यांच्यात फार अंतर पडले तर वाचणारा ‘आउट’ येईपर्यंत साधी खरेदीच समजत राहतो.

भूतकाळाचे रूप ‘बॉट’ आहे, ‘ब्रॉट’ नव्हे. ‘ब्रॉट’ हे ‘ब्रिंग’चे, म्हणजे आणण्याचे रूप आहे, आणि ‘ब्रॉट आउट’ म्हणजे बाहेर आणले किंवा बाजारात आणले असा निराळाच अर्थ होतो. हा एक ‘र’ चांगल्या शिकलेल्या लोकांच्या लेखनातही घुसतो आणि संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस त्याला अडवत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही शब्द शुद्धच असतात.

क्रियापद दोन शब्दांत लिहितात आणि नाम जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन लिहितात. बोलताना क्रियापदात जोर ‘आउट’वर पडतो, तर नामात तो ‘बाय’वर येतो. हा भेद नुसत्या पंडिती हौसेचा नाही. नोकरीच्या अर्जांत ‘माय नोटीस पीरियड कॅन बी बायआउट’ असे वाक्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे आश्चर्यही वाटेनासे झाले आहे. तिथे नाम बसवल्यामुळे वाक्य लंगडे होते. हवे ते कर्मणी रूप : ‘माय नोटीस पीरियड कॅन बी बॉट आउट.’ नामच वापरायचे असेल तर ‘बायआउट ऑप्शन इज अव्हेलेबल’ असे लिहावे.

चौथी पायरी : प्रसंगानुसार अर्थ लावावा

पुण्या-मुंबईच्या नोकरदारांना हा शब्द सर्वांत आधी भेटतो तो नोटिशीच्या काळाच्या संदर्भात. नियुक्तिपत्रात ९० दिवसांची नोटीस आहे, नव्या कंपनीला माणूस महिन्याभरात हवा आहे, अशा वेळी उरलेल्या दिवसांची रक्कम जुन्या कंपनीला भरून सुटका करून घेतात आणि ती रक्कम पुष्कळदा नवी कंपनी उचलते. इथे ‘आउट’ होणारा आपण स्वतः असतो. समजा मासिक मूळ वेतन ६०,००० रुपये आणि एकूण वेतन १,००,००० रुपये आहे, आणि ९० पैकी ३० दिवस भरून झाले आहेत. उरलेल्या ६० दिवसांची किंमत मूळ वेतनावर काढली तर १,२०,००० रुपये होते आणि एकूण वेतनावर काढली तर २,००,००० रुपये. म्हणून ‘बायआउट’ या शब्दावर न थांबता त्याच्या पुढे ‘बेसिक’ लिहिले आहे की ‘ग्रॉस’ हे पाहावे, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे हा पर्याय कर्मचाऱ्याच्या मर्जीवर आहे की कंपनीच्या संमतीवर, हे वाक्य नीट वाचावे. ‘मे’ (करू शकेल) आणि ‘शॅल’ (करावेच लागेल) यांतला फरक अशाच ठिकाणी अंगाशी येतो.

खेळाच्या पानावर हाच अर्थ करोडोंच्या आकड्यांत दिसतो. ऑगस्ट २०१७ मध्ये फुटबॉलपटू नेमार बार्सिलोना क्लब सोडून पॅरिस सें-जर्में या क्लबकडे गेला, तेव्हा त्याच्या करारात लिहिलेली २२ कोटी २० लाख युरोंची रक्कम त्याच्या वकिलांनी बार्सिलोनाकडे भरली. स्पेनमधील नियमांनुसार खेळाडू ठरलेली भरपाई देऊन आपला करार संपवू शकतो, त्यामुळे कागदोपत्री तो स्वतःला सोडवून घेत होता, पैसा कुठूनही आलेला असो. इंग्रजी बातम्यांत त्या अटीला ‘बायआउट क्लॉज’ म्हटले गेले. मराठीत त्याचे ‘खरेदी कलम’ केले तर सगळा अर्थ सांडतो. ‘करारमुक्तीची अट’ हे अधिक जवळचे आहे.

कंपन्यांच्या व्यवहारात या शब्दाला दोन विशेषणे वारंवार लागतात. पहिले ‘मॅनेजमेंट बायआउट’, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या व्यवस्थापकांनीच ती मालकांकडून विकत घेणे. दुसरे ‘लिव्हरेज्ड बायआउट’, ज्यात खरेदीचा मोठा भाग कर्जाने उभा केला जातो आणि त्या कर्जाचा भार बहुधा विकत घेतलेल्या कंपनीच्याच उत्पन्नावर टाकला जातो. १९८८ मध्ये आरजेआर नबिस्को या अमेरिकी कंपनीबाबत ही दोन्ही रूपे समोरासमोर आली. कंपनीचे प्रमुख रॉस जॉन्सन यांच्या गटाने सुरुवातीला भागामागे ७५ डॉलर देऊ केले. पुढे चढाओढ लागली आणि केकेआर या गुंतवणूक कंपनीने भागामागे १०९ डॉलरची बोली लावून सुमारे २५ अब्ज डॉलरचा तो सौदा जिंकला. जॉन्सन यांचा बेत भागधारकांना बाहेर काढून स्वतः आत राहण्याचा होता. शेवटी भागधारक चढा भाव घेऊन बाहेर पडले आणि जॉन्सन यांनाही पद सोडावे लागले.

आपल्याकडचे उदाहरण टाटा टीचे आहे. सन २००० मध्ये या कंपनीने ब्रिटनची टेटली ही चहा कंपनी २७ कोटी १० लाख पौंडांना घेतली. टेटली तिच्यापेक्षा आकाराने बरीच मोठी होती, आणि हा व्यवहार मोठ्या प्रमाणावर कर्ज उभारूनच शक्य झाला. ‘चिमणीने घार उचलली’ अशा थाटात त्याचे कौतुक झाले तरी भाषेच्या अंगाने आपला प्रश्न तोच : बाहेर कोण गेले? १९९५ मध्ये अलाइड डोमेक या कंपनीकडून टेटली घेणारे गुंतवणूकदार. म्हणजे ज्यांनी आधी दुसऱ्याला ‘बॉट आउट’ केले होते, त्यांनाच पाच वर्षांनी कोणीतरी ‘बॉट आउट’ केले.

पाचवी पायरी : जवळच्या भावंडांपासून वेगळे काढावे

‘बाय अप’ म्हणजे बाजारात मिळेल तेवढे उचलणे. १९७० च्या दशकात टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदी अशीच उचलायला सुरुवात केली, जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ पोहोचला आणि २७ मार्च १९८० रोजी तो कोसळला. त्यांनी चांदी ‘बॉट अप’ केली असे म्हणता येईल, ‘बॉट आउट’ केली असे नाही, कारण तिथे कोणाचा वाटा घेऊन त्याला मोकळे करण्याचा प्रश्न नव्हता. अमेरिकी बोलण्यात मात्र दुकानातला सगळा माल उचलण्याला ‘बॉट आउट द स्टोअर’ असेही म्हणतात, आणि तिथे संदर्भावरच विसंबावे लागते.

सर्वांत जपून हाताळण्याचा शब्द ‘बाय ऑफ’ आहे, कारण त्याचा अर्थ पैसे चारून गप्प बसवणे असा होतो. ‘दे बॉट आउट द पार्टनर’ हा सभ्य व्यवहार आहे, पण ‘दे बॉट ऑफ द विटनेस’ हा गुन्हा आहे. कुटुंबाच्या वाटणीच्या पत्रात ‘आउट’ऐवजी चुकून ‘ऑफ’ पडले तर मामांचा राग आठ दिवसांत ओसरला नसता.

‘बाय बॅक’ म्हणजे स्वतः विकलेली वस्तू परत घेणे. कंपन्या आपलेच समभाग परत घेतात त्याला म्हणूनच ‘बायबॅक’ म्हणतात. ‘बाय इन्टू’ म्हणजे वाटा घेऊन आत शिरणे आणि लक्षणेने एखादी कल्पना पटवून घेणे. कार्यालयातील बैठकांत ऐकू येणारा ‘बाय-इन’ हा या दुसऱ्या अर्थाचा नातलग असून त्यात पैशाचा संबंध नसतो, नुसती मनापासूनची संमती अपेक्षित असते. ‘सेल आउट’ हे ‘बाय आउट’चे आरशातील प्रतिबिंब दिसते, पण त्याला तत्त्व विकल्याचा दुर्गंध येतो, आपला वाटा विकून बाहेर पडलेल्या भल्या माणसाबद्दल लिहिताना ‘ही सोल्ड हिज शेअर’ असे साधे वाक्य पुरते.

सहावी पायरी : मराठीत आणताना

एकच प्रतिशब्द ठरवून सगळीकडे चिकटवणे इथे उपयोगी पडत नाही. कुटुंबाच्या संदर्भात ‘वाटा घेऊन मोकळे करणे’, भागीदारीत ‘हिस्सा विकत घेऊन हिशेब चुकता करणे’, कंपनीच्या बाबतीत ‘संपूर्ण मालकी विकत घेणे’ आणि करारात ‘भरपाई देऊन सुटका करून घेणे’ असे प्रसंगाप्रमाणे लिहावे. एका भागीदारी दस्ताच्या भाषांतरात ‘ए बॉट आउट बी’ याचे ‘अ ने ब कडून खरेदी केली’ असे झालेले मी पाहिले आहे. ते वाचून अ ने ब च्या दुकानातून काही माल घेतला असेच कोणालाही वाटेल. ब आता भागीदार उरलेला नाही, ही मुख्य गोष्टच त्यातून गळाली होती.

आणखी एक खबरदारी हक्कसोडपत्राबाबत घ्यावी लागते. आपल्याकडे बहिणी किंवा भाऊ काही न घेता हक्क सोडतात, आणि त्याला कोणी उत्साहाने ‘बायआउट’ म्हणतात. मोबदला दिलेला नसेल तर तो शब्द लागू होत नाही. इंग्रजीत त्याला ‘रिलीज’ म्हणावे. ‘बाय’ आहे तिथे पैसे असलेच पाहिजेत.

आता मामांच्या उत्तराकडे वळू. आठ दिवसांनी मी त्यांना हे सगळे सांगितले, आणि शिकवण्यापेक्षा हिशेब मांडलेला त्यांना जास्त पटतो म्हणून कागदावर आकडे लिहिले. वाड्याची किंमत ८४ लाख धरली तर तीन सारख्या वाट्यांत प्रत्येकाचे २८ लाख होतात. मामेभावाला दोघांना मोकळे करायला ५६ लाख लागतील. मामांनी कागद आपल्याकडे ओढला, पेन्सिलीने उलटी बेरीज केली आणि विचारले की त्या दोघांनी मिळून त्यालाच मोकळे करायचे ठरवले तर काय पडेल? २८ लाख, म्हणजे दोघांना चौदा-चौदा. आईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून ‘चालेल’ म्हटले. मग मामांनी स्वतः इंग्रजीत उत्तर लिहिले, सर्वनाम बरोबर मध्ये ठेवून : ‘थँक यू फॉर युवर ऑफर. आत्या अँड आय वुड रादर बाय यू आउट.’